पलटणीची टोपी आणि बॅज: अभिमान वाढतो की फूट पडते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भरतीची तयारी करणारी मुलं, जवानांच्या घरची माणसं आणि बातम्या वाचून कोड्यात पडलेले वाचक सैन्यातल्या टोप्या, बॅज, तुरे यांबद्दल पुन्हा पुन्हा तेच विचारतात. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे पुढे गेला असेल, तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. देश एक, सैन्य एक, मग सगळ्यांना एकच टोपी का नाही?

सुरुवात बहुतेक वेळा कामाच्या सोयीतून झाली. रणगाड्यातल्या माणसाला काठाची टोपी चालत नाही, आत डोकं आपटतं, वर तेल आणि ग्रीस लागतं. म्हणून ब्रिटनच्या रॉयल टँक कोअरने फ्रान्सच्या डोंगरी पलटणींची बेरे (काठ नसलेली मऊ, गोल टोपी) पाहून काळी बेरे घेतली आणि 1924 मध्ये तिला मंजुरी मिळाली. आपल्या आर्मर्ड कोअरची, म्हणजे रणगाडा दलाची, काळी बेरे त्याच परंपरेतली. जवानाने पहिल्यांदा टोपी चढवली तेव्हा त्यात मिरवण्यासारखं फारसं काही नव्हतं. त्या टोपीखाली माणसं लढली, मेली, आणि मग तिला मोल आलं.

दुसरं कारण ओळखीचं. हजारो माणसांच्या गर्दीत आपली माणसं कोणती, हुकूम कोणाचा ऐकायचा, हे एका नजरेत कळावं लागतं.

2. कोणती टोपी कोणाची? आणि बॅज इतके का असतात?

ढोबळमानाने: काळी बेरे रणगाडेवाल्यांची, मरून पॅराशूटवाल्यांची, लाल मिलिटरी पोलिसांची, गडद हिरवी पायदळाची आणि निळी तोफखाना, इंजिनिअर्स, सिग्नल्स यांसारख्यांची. गोरखा रायफल्सची तिरकी हॅट तर कोणीही ओळखेल. शीख जवान पगडी बांधतात (प्रश्न 11).

बॅजचे तीन प्रकार लक्षात ठेवले की गोंधळ होत नाही. टोपीवरचा बॅज सांगतो की माणूस कुठल्या घरचा आहे. छातीवरचे पॅराशूटवाल्यांचे पंख किंवा पॅराच्या स्पेशल फोर्सेसचा ‘बलिदान’सारखा बॅज सांगतो की त्याने काय कमावलं आहे. दंडावरची फॉर्मेशनची खूण सांगते की सध्या तो कोणत्या ब्रिगेड, डिव्हिजन किंवा कोअरमध्ये आहे. तिसरी खूण बदलीबरोबर बदलते, पहिल्या दोन सहसा बदलत नाहीत. अभिमान आणि फूट यांचा वाद जवळजवळ नेहमी पहिल्या प्रकारावरून पेटतो.

3. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बॅजवर शिंग का आहे?

शिंग म्हणजे बिगूल, लाइट इन्फन्ट्रीची जगभरातली खूण. हलक्या पायदळाने पुढे धावायचं, पांगून लढायचं आणि ढोलाऐवजी बिगुलाच्या इशाऱ्यावर हालचाल करायची, अशी त्यांची पद्धत. शिंगाच्या जोडीला ढाल-तलवार आहे, ती आपली. रेजिमेंटची सर्वांत जुनी बटालियन, जंगी पलटण, 1768 ची. दुसरी ‘काळी पाचवी’. तिने बलुचिस्तानातला काहूनचा किल्ला लढवला आणि 1841 मध्ये ‘लाइट इन्फन्ट्री’ हा किताब मिळवला. बेळगावच्या सेंटरमध्ये रंगरूट कसम परेडला उभा राहतो, तेव्हा हा सगळा इतिहास त्याला तोंडपाठ असतो, कारण उस्ताद तो विचारतात. बाकी सैन्य त्याला प्रेमाने ‘गणपत’ म्हणतं.

4. मरून टोपी मिळते कशी? आणि तिचं जरा जास्तच कौतुक होत नाही का?

पॅराशूट रेजिमेंटमध्ये माणूस स्वतःहून नाव देतो. मग प्रोबेशन, म्हणजे पारखण्याचा काळ. तिथे त्याला घासून पाहतात आणि बरेच जण परत पाठवले जातात. आग्र्याच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये पाच उड्या पूर्ण झाल्या की पंख मिळतात. रंग ब्रिटिश हवाई दलांनी 1942 मध्ये घेतला, तिथून तो आपल्याकडे आला.

कौतुक होतं, आणि ते कमावलेलं आहे. पण दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली अशी की ही टोपी फक्त बंदूकवाल्यांची नाही. 60 पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स ही डॉक्टरांची तुकडी लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली 1950 मध्ये कोरियाला गेली. जखमींवर उपचार करणाऱ्या या माणसांच्या मरून टोप्या तिथे अशा ओळखीच्या झाल्या, की लोक त्यांना ‘मरून एंजल्स’ म्हणू लागले. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं, कारण त्या टोपीचा मान इंजेक्शन आणि टाक्यांनी वाढवलेला आहे.

दुसरी गोष्ट मराठी वाचकांना अनेकदा ठाऊक नसते. बांगलादेशच्या युद्धात 11 डिसेंबर 1971 ला टांगाईलवर पॅराशूटने उतरलेली 2 पॅरा ही मूळची 3 मराठा लाइट इन्फन्ट्री. 1952 मध्ये पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा पंजाब, मराठा आणि कुमाऊँ अशा तीन रेजिमेंटमधून एकेक बटालियन घेतली गेली. 21 पॅरा (स्पेशल फोर्सेस) ही आधीची 21 मराठा. टोपी बदलली म्हणून जुनं नातं तुटलं नाही.

5. हा अभिमान खरंच लढाईत कामी येतो, की भाषणापुरताच असतो?

कामी येतो. गोळीबारात माणूस नकाशावरच्या देशाचा विचार करत बसत नाही. शेजारच्या खंदकातला सोबती काय म्हणेल, गावात पलटणीचं नाव काय राहील, हे त्याच्या डोक्यात असतं.

9 एप्रिल 1945, इटलीतली सेनिओ नदी. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव, अहमदनगर जिल्ह्यातले, कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे, होते. बांधावरच्या मशीनगनांनी बरोबरची जवळजवळ सगळी माणसं पाडली. जाधवांनी एका जखमीला खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडे नेलं. परत जाऊन दुसऱ्या जखमीला आणलं. मग हाताला गोळी लागलेली असताना, बंदूक चालवता येईना तेव्हा ग्रेनेड फेकत मशीनगनच्या चौक्या बंद केल्या. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभे राहून त्यांनी मराठ्यांची युद्धगर्जना दिली आणि उरलेल्या कंपन्यांना हात करून पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

गोळ्या चालू असताना उघड्या बांधावर उभं राहून कोणी ओरडतो, कारण मागे असलेल्या माणसांना ती हाक कोणाची आहे हे कळणार असतं. बॅज शांततेच्या काळात हेच काम करतो. तो रोज डोक्यावर असतो म्हणून गरज पडेल त्या दिवशी हाकेला ओ मिळते.

6. मग फूट कधीच पडत नाही का?

पडते, आणि वाईट पडते. कॅनडाची एअरबोर्न रेजिमेंट, तीही मरून टोपीची. 1993 मध्ये सोमालियात शांतिसेनेच्या कामावर असताना तिच्या सैनिकांनी शिदाने अरोने या सोळा वर्षांच्या मुलाला छळून मारलं. तपासात बाहेर आलं की तिच्या ‘कमांडो’ म्हटल्या जाणाऱ्या एका तुकडीत अमेरिकेतल्या गुलामगिरीवाद्यांचा झेंडा मिरवला जात होता. नव्या सैनिकांच्या अमानुष ‘स्वागताच्या’ चित्रफिती लोकांसमोर आल्या. 1995 मध्ये सरकारने अख्खी रेजिमेंट मोडून टाकली.

तिथे टोपी दोषी नव्हती. ‘आपण वेगळे आहोत’ याचा अर्थ ‘आपल्याला नियम लागू नाहीत’ असा होऊ लागला आणि वरच्या अधिकाऱ्यांनी तो होऊ दिला. अशी लक्षणं आधी दिसतात: बाहेरून आलेल्याला घरचा म्हणून न घेणं, आतल्याचा गुन्हा झाकणं, वरिष्ठाला ‘तो आपला नाही’ म्हणून मोजायला नकार देणं. हे दिसलं की बॅजचा अभिमान आजारी पडला आहे असं समजावं.

7. टोपीवरून कधी बंड झालंय का?

झालंय, आणि आपल्याच देशात. 10 जुलै 1806, वेल्लोर. मद्रास सैन्याचे सरसेनापती सर जॉन क्रॅडॉक यांनी शिपायांसाठी नवे नियम काढले. कपाळावर गंध किंवा जातीची खूण नको, दाढी कापा, मिशा ठरावीक मापाच्या ठेवा, आणि पागोट्याच्या जागी साहेबाच्या हॅटसारखी दिसणारी गोल पगडी घाला, तिच्यावर कातड्याचा तुरा. हिंदू आणि मुसलमान दोघांनाही ती धर्म बुडवणारी वाटली. आधी विरोध केला त्यांना फटके मारण्यात आले. मग पहाटे किल्ल्यात कत्तल झाली, शंभरावर गोरे सैनिक आणि अधिकारी मारले गेले. अर्काटहून घोडदळ घेऊन आलेल्या गिलेस्पीने बंड मोडलं तेव्हा शेकडो शिपाई मारले गेले. किल्ल्यात टिपूची मुलं नजरकैदेत होती, त्यांचाही संबंध जोडला गेला. पण नवी पगडी मागे घ्यावी लागली, आणि क्रॅडॉक व गव्हर्नर बेंटिंक या दोघांनाही परत बोलावलं गेलं.

बॅजच्या चर्चेत वेल्लोर फार कमी आठवलं जातं. ते आधी आठवायला हवं असं मला ठामपणे वाटतं. लंडनहून आलेल्या साहेबाला ती निव्वळ नीटनेटकेपणाची बाब वाटली. ज्याच्या डोक्यावर ती चढणार होती त्याला कोणी विचारलं नव्हतं.

8. महार रेजिमेंटच्या नावात आणि बॅजमध्ये जात आहे. हा अभिमान की फूट?

सर्वांत जास्त प्रश्न यावर येतात, आणि बरेचसे प्रश्न इतिहास न बघता विचारलेले असतात.

मुंबई सैन्यात महार शिपाई पूर्वापार होते. 1 जानेवारी 1818 च्या कोरेगावच्या लढाईत मुंबई पायदळाच्या पलटणीत ते लढले, तिथल्या स्तंभावर त्यांची नावं आहेत. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार होते. मग काही ठरावीक जातीच लढायला लायक, असं ‘लढाऊ जाती’ नावाचं खूळ आलं आणि 1892 च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर स्वतः निवृत्त फौजी, त्यांनी सरकारकडे दाद मागितली. काही झालं नाही. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा 1917 मध्ये 111 महार पलटण उभी केली, आणि गरज सरताच 1921 मध्ये मोडली. 1941 मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्यांनी पाठपुरावा केला आणि त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली.

तिच्या पहिल्या टोपी-बॅजवर एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन विकर्स मशीनगन होत्या आणि त्यावर कोरेगावचा स्तंभ. ज्या माणसाला गावात विहिरीवर जाऊ देत नव्हते, त्याच्या कपाळावर हा बॅज सरकारी हुकमाने लागला. त्याला फूट म्हणणाऱ्याने आधी हे सांगावं की एकी कुठे होती. पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला.

आता दुसरी बाजू. स्वातंत्र्यानंतर ही रेजिमेंट एका जातीची राहिली नाही, आज तिच्यात वेगवेगळ्या राज्यांतली, वेगवेगळ्या समाजांतली मुलं आहेत. 25 नोव्हेंबर 1987 ला श्रीलंकेत छातीत गोळी लागल्यावरही लढत राहून परमवीर चक्र मिळवणारे मेजर रामस्वामी परमेश्वरन 8 महारचे. लष्करप्रमुख झालेले जनरल कृष्णा राव आणि जनरल सुंदरजी हेही महार रेजिमेंटचे. ही माणसं त्या समाजातली नव्हती, पण त्यांनी ते नाव आयुष्यभर आपलं म्हणून मिरवलं. ज्या नावाला गावात कमी लेखलं जायचं, ते इतर समाजांतल्या मुलांनी अभिमानाने खांद्यावर घेणं, हे मला या देशातल्या फार थोड्या ठिकाणी दिसतं.

9. मग जात आणि प्रांताच्या नावाच्या रेजिमेंट बंदच करून टाकाव्यात का?

माझं मत: नावं ठेवावीत, दारं उघडावीत. जनरल करिअप्पांनी 1949 मध्ये ब्रिगेड ऑफ द गार्ड्स उभी केली ती हाच विचार करून. जुन्या नावाजलेल्या बटालियन घेऊन देशभरातल्या जवानांची मिश्र पलटण, आणि तिचा स्वतःचा बॅज. मिश्र पलटणही तितक्याच जिद्दीने लढते हे तिने दाखवलं. जातीवर आधारलेल्या नव्या रेजिमेंट उभ्या करायच्या नाहीत, हेही स्वतंत्र भारताचं धोरण ठरलं. 2022 मध्ये अग्निपथ योजना आली तीही ‘ऑल इंडिया, ऑल क्लास’ म्हणत.

एकाच समाजाच्या पलटणीत जोखीम असते, हे नाकारू नये. जून 1984 मध्ये सुवर्णमंदिरातल्या कारवाईनंतर रामगढच्या शीख रेजिमेंटल सेंटरमध्ये रंगरूटांनी बंड केलं, त्यात सेंटरचे ब्रिगेडियर मारले गेले. बहुसंख्य शीख जवान आपापल्या जागी ठाम उभे राहिले, हेही त्याच महिन्यातलं सत्य. पण बाहेरचं वादळ एकाच समाजाच्या पलटणीच्या अंगावर येतं तेव्हा आत वेगळा आवाज उरत नाही, हा धडा सैन्याला मोठी किंमत मोजून मिळाला.

10. ब्रिगेडियर आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांची रेजिमेंटची टोपी 2023 मध्ये का काढली? आणि सगळ्यांना एकच खास टोपी दिली तर?

1 ऑगस्ट 2023 पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या सर्वांचा गणवेश एकसारखा झाला: टोपी, खांद्यावरचे बॅज, कॉलरवरच्या पट्ट्या, पट्टा, बूट. लॅन्यार्ड, म्हणजे खांद्यावरची दोरी, गेली. कर्नल आणि खालच्यांना काही बदल नाही. तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल मनोज पांडे, नागपूरचे, स्वतः बॉम्बे सॅपर्स या इंजिनिअर्सच्या पलटणीचे.

निर्णय योग्य होता असं मी म्हणेन. बटालियनपर्यंत माणसाचं घर एक असतं. ब्रिगेडियर झाला की त्याच्या हाताखाली तीन वेगळ्या रेजिमेंटच्या बटालियन येतात. त्याने बढतीच्या, बदलीच्या कागदावर सही करताना समोरच्याने त्याच्या टोपीकडे पाहून हिशोब मांडू नये. फील्ड मार्शल माणेकशॉ आणि जनरल रावत यांची गोरखा हॅट लोकांच्या मनात बसली आहे, त्यामुळे हळहळ वाटणं स्वाभाविक आहे.

उलटी चूक अमेरिकेने केली. तिथले तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल शिन्सेकी यांनी ठरवलं की 14 जून 2001 पासून सगळ्या सैन्याने काळी बेरे घालायची. ती तोवर रेंजर्स या निवडक पायदळाची कमाई होती. माजी रेंजर्स निषेध म्हणून वॉशिंग्टनपर्यंत चालत गेले, शेवटी रेंजर्सना फिकट तपकिरी बेरे दिली गेली. त्यात काही बेरे चीनमध्ये बनवलेल्या निघाल्या आणि त्या मागे घ्याव्या लागल्या. 2011 मध्ये रोजच्या गणवेशासाठी साधी कॅप परत आली. वरच्यांची खूण काढून समानता आणणं जमलं. खालच्यांची कमाई सगळ्यांना वाटून अभिमान आणणं जमलं नाही.

11. शीख जवानांना हेल्मेटची सक्ती का नाही?

दोन्ही महायुद्धांत शीख सैनिक पगडी बांधून लढले आणि लोखंडी हेल्मेट त्यांनी नाकारलं. मिश्र पलटणींत पगडी रेजिमेंटच्या रंगाची असते, पॅरात मरून. 2023 च्या सुरुवातीला संरक्षण खात्याने शीख जवानांसाठी खास आकाराची हेल्मेट घ्यायला काढली, तेव्हा शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने हरकत घेतली. गोळीपासून डोकं वाचावं ही काळजी खरी आहे. पण निर्णय आधी आणि चर्चा नंतर, हा क्रम धोक्याचा (प्रश्न 7).

12. एका पलटणीचा माणूस दुसरीकडे गेला तर तो कोणाचा?

दोन्हींचा. काश्मीरमध्ये दहशतवाद्यांशी लढणारी राष्ट्रीय रायफल्स हे याचं सर्वांत मोठं उदाहरण. तिथे एका बटालियनमध्ये पायदळाबरोबर तोफखाना, सिग्नल्स, सप्लाय यांचे जवान असतात आणि गस्तीला एकत्र निघतात. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक मूळचे 21 पॅराचे. 17 नोव्हेंबर 2015 ला कुपवाड्यात ते शहीद झाले तेव्हा ते 41 राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर होते. दोन्ही पलटणी त्यांना आपलं म्हणतात. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक 2017 मध्ये अधिकारी झाल्या, त्यांच्या टोपीवर शस्त्रं-सामान पुरवणाऱ्या ऑर्डनन्स कोअरचा बॅज लागला.

13. धोनीच्या ग्लोव्ह्जवरचा बॅज का काढायला लावला?

5 जून 2019 च्या विश्वचषक सामन्यात त्याच्या ग्लोव्ह्जवर ‘बलिदान’ची खूण होती. धोनी पॅराशूट रेजिमेंटचा मानद लेफ्टनंट कर्नल आहे. आयसीसीने परवानगी नाकारली, कारण नियमात अशा खुणांना जागा नाही. नियम बाजूला ठेवला तरी मला वाटतं की हा बॅज स्पेशल फोर्सेसच्या अंगावरच शोभतो.

14. घरात आजोबांची टोपी आणि पदकं आहेत. नातवाने घातली तर चालेल का?

पदकं चालतात. रीत अशी की स्वतः कमावलेली पदकं डाव्या छातीवर आणि घरच्या दिवंगत माणसाची उजव्या. स्मृतिस्तंभावरच्या कार्यक्रमात, 15 ऑगस्टला असं कोणी आलं तर जुने फौजी कौतुकाने पाहतात.

टोपी आणि गणवेशाचं वेगळं आहे. सैनिक नसताना लोकांचा तसा समज व्हावा या हेतूने सैनिकी पोशाख किंवा खूण वापरली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सारं हेतूवर अवलंबून आहे, त्यामुळे शाळेच्या नाटकात कोणी जवान झाला म्हणून गुन्हा होत नाही. मात्र बाजारात मिळणारे लढाऊ छापाचे शर्ट-पँट टाळावेत. जानेवारी 2016 मध्ये पठाणकोटला हल्लेखोर सैनिकी कपड्यांत आले, त्यानंतर लष्कराने लोकांना तशी विनंती केली होती. 15 जानेवारी 2022 ला दाखवलेल्या नव्या लढाऊ गणवेशाच्या छापाची तर लष्कराने नोंदणीच करून घेतली आहे.

आजोबांची टोपी जपायची असेल तर ती कोरड्या जागी, सुती कापडात ठेवा. पितळी बॅज ब्रासोने फार घासू नका, अक्षरं झिजतात. पलटण कोणती हे कळत नसेल तर बॅजचा पुढून आणि मागून फोटो काढून, सेवा क्रमांकासह जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवा.